काउंटीच्या कागदांत घर शोधताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत अमेरिकेतल्या घराच्या कागदांबद्दल इतके प्रश्न आलेत की या वेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक उत्तरात परत सांगायला नको. इथे घराचे कागद बहुतेक ठिकाणी काउंटीत असतात, आणि काउंटीतही दोन वेगळ्या खिडक्यांवर असतात. एक असेसर, म्हणजे टॅक्ससाठी घराची किंमत लावणारा, त्याच्याकडे जागेचं माप, खोल्या, बांधल्याचं साल, टॅक्सची किंमत असं सगळं. दुसरा रेकॉर्डर, कुठे त्याला काउंटी क्लर्क म्हणतात, कुठे रजिस्टर ऑफ डीड्स, काम तेच, खरेदीखतं, कर्जाचे कागद, लीन म्हणजे घरावरचे बोजे, कोर्टाच्या नोटिसा जे काही येईल ते नोंदवून ठेवायचं. लोक असेसरचं पान बघतात, कारण ते सोपं आणि चकचकीत असतं, आणि तिथे नाव दिसलं की मालकी कळली असं धरून चालतात. घरपट्टीच्या पावतीवर नाव असलं म्हणून पुण्यात कोणी मालक होत नाही, इथेही नाही. मालकी डीडमधून, म्हणजे खरेदीखतातून कळते आणि डीड दुसऱ्या खिडकीवर.

मी वकील नाही. टायटलचे, म्हणजे मालकीचे, कागद वाचायचं काम बरीच वर्षं केलंय, तेवढ्या अनुभवावर सांगते.

प्रश्न : ताई, घर घेऊन तीन महिने नाही झाले तोच एक सरकारी दिसणारं पत्र आलंय. घराचा पत्ता, ब्लॉक आणि लॉट नंबर, खरेदीची तारीख, लोनची रक्कम सगळं बरोब्बर लिहिलंय आणि खाली म्हटलंय की डीडची प्रमाणित प्रत हवी असेल तर अमुक तारखेच्या आत शंभरेक डॉलर पाठवा. मिस्टर म्हणतात भरून टाक, घराचे कागद हातात असलेले बरे. भरू का?
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नका भरू. माहिती बरोब्बर आहे कारण ती सगळी पब्लिक आहे, तुमचं डीड रेकॉर्ड झालं त्या दिवसापासून कोणीही काउंटीच्या साइटवर ते बघू शकतं आणि अशी पत्रं पाठवणाऱ्या खाजगी कंपन्या तेच करतात. नवीन खरेद्यांची यादी उचलायची आणि पत्र छापायचं. बारीक टायपात कुठेतरी लिहिलेलं असेल की हे सरकारी पत्र नाही, शोधा, सापडेल. यात बेकायदेशीर काही नसतं बऱ्याचदा, फक्त काही डॉलरांत मिळणारी गोष्ट शंभराला विकतात.

तुमचं डीड न्यू ब्रन्सविकला मिडलसेक्स काउंटी क्लर्ककडे नोंदवलेलं आहे. नोंद झाली की मूळ कागद तुमच्या क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण करून देणाऱ्या, वकिलाकडे किंवा थेट तुमच्याकडे पोस्टाने येतो, त्यामुळे आधी वकिलाला फोन करा. तरी नाही सापडला तर काउंटी क्लर्ककडून प्रमाणित प्रत घ्या. आणि मिस्टरांची काळजी मला समजते, कारण आपल्याकडे मूळ करारनामा म्हणजे जीव की प्राण, बँक तोच ताब्यात ठेवून कर्ज देते आणि हरवला तर पोलीस तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, सगळा कुटाणा. इथे तसं नाही. नोंद महत्त्वाची, कागद हरवला तर घर जात नाही.

त्या साइटवर गेलाच आहात तर पाच मिनिटं अजून घालवा. आधीच्या मालकाचं नाव टाका आणि त्यांच्या मॉर्गेजसमोर डिस्चार्ज नोंदवलाय का ते बघा. क्लोजिंगला त्यांचं कर्ज फिटतं, पण ते फिटल्याचा कागद नोंदवायचं बँकेकडून राहून जातं, आणि मग दहा वर्षांनी तुम्ही घर विकायला काढता तेव्हा तो जुना बोजा उघडा दिसतो आणि ती बँक तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. आत्ताच दिसलं तर तुमच्या टायटल कंपनीला (खरेदीच्या वेळी मालकीचे कागद तपासून विमा देणारी) कळवा, त्यांचं काम आहे ते.

आणि तुमच्या स्वतःच्या मॉर्गेजवर बँकेऐवजी मर्स असं नाव आणि मिशिगनमधल्या फ्लिंटचा पोस्टबॉक्स दिसला तर दचकू नका. बँका एकमेकींना कर्जं विकत राहतात, दर वेळी काउंटीत नोंद करायचा खर्च नको म्हणून नव्वदच्या दशकात त्यांनी ही एक कंपनी काढली, ती सगळ्यांच्या वतीने नावाला उभी असते.

जाता जाता, न्यू जर्सीत टॅक्सचा असेसर टाउनशिपचा असतो, काउंटीचा नाही, त्यामुळे असेसरचं प्रॉपर्टी कार्ड (घराच्या मापाचं आणि किमतीचं, मालकीचं नाही) एडिसनकडे आणि डीड काउंटीकडे. काही घरांवर मालकाचं नावच दिसत नाही त्याचं कारण डॅनियल्स लॉ. २०२० मध्ये एका फेडरल न्यायाधीशबाईंच्या घरी हल्लेखोर गेला आणि त्यांचा मुलगा मारला गेला, त्यानंतर न्यायाधीश, सरकारी वकील, पोलीस यांचे पत्ते झाकायचा हा कायदा आला.

प्रश्न : आम्ही नुकतेच कनेटिकटला आलोय. काउंटी रेकॉर्डरची साइट शोधून दमलो. कुठेय?
एक वाचक, स्टॅमफर्ड

उत्तर : नाहीच आहे. कनेटिकटने काउंटी सरकारं १९६० मध्येच बंद केली, तुमचे कागद टाउन क्लर्ककडे. ऱ्होड आयलंड, व्हर्माँटलाही असंच गावागणिक. हवाईत उलट, अख्ख्या राज्याचं एकच ऑफिस. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात एवढंच.

प्रश्न : फ्रिस्कोत एक घर आवडलंय. मालकाने ते कितीला घेतलं होतं ते कळलं तर ऑफर द्यायला बरं. पण कुठल्याच साइटवर विक्रीची किंमत दिसत नाही, कॅलिफोर्नियातल्या मित्राला तर सगळं दिसतं. काउंटीत मिळेल का?
एक वाचक, टेक्सास

उत्तर : थेट नाही मिळणार. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारला सांगायचं बंधन नाही, त्यामुळे डीड उघडलंत तरी मोबदला म्हणून दहा डॉलर आणि इतर मौल्यवान मोबदला असं छापील वाक्य भेटेल. दहा डॉलरला घर गेलं असं समजून एकाने मला फार उत्साहाने फोन केला होता.

पण आडवाटेने अंदाज येतो. आधी घर नक्की कुठल्या काउंटीत ते बघा, कारण फ्रिस्को अर्धं कॉलिनमध्ये आणि अर्धं डेंटनमध्ये आहे, आणि रस्ता ओलांडला की साइट बदलते. मग त्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (टेक्सासमध्ये असेसरचं काम हे ऑफिस करतं) साइटवर पत्ता टाका, तिथे मालकाचं नाव, दर वर्षी लावलेली किंमत आणि शेवटच्या डीडची तारीख आणि नंबर मिळतो. तो नंबर घेऊन काउंटी क्लर्कच्या साइटवर जा (कॉलिनचा मॅकिनीला, डेंटनचा डेंटनमध्ये) आणि डीडच्याच दिवशी लगेच पुढच्या नंबराला नोंदवलेलं डीड ऑफ ट्रस्ट शोधा. तो कर्जाचा कागद, आणि कर्जाची रक्कम त्यात स्वच्छ लिहिलेली असते. चार लाख ऐंशी हजार दिसले आणि माणसाने नेहमीसारखं वीस टक्के खाली भरलंय असं धरलं तर घर सहा लाखांच्या आसपास गेलं असणार. अर्थात त्याने पाचच टक्के भरले असतील किंवा निम्मे रोख दिले असतील तर अंदाज चुकला, रोखीने घेतलं असेल तर कागदच नाही. पण त्या गल्लीतली चार-पाच घरं अशी बघितलीत तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

आता तुम्ही न विचारलेली पण जास्त महत्त्वाची गोष्ट. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या पानावर आत्ताच्या मालकाचा टॅक्स बघून बजेट करू नका. स्वतः राहतो म्हणून त्याला होमस्टेड सवलत असते आणि त्याची टॅक्सची किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढू देत नाहीत. बरीच वर्षं राहत असेल तर बाजारभाव आणि टॅक्सची किंमत यात मोठी दरी पडलेली असते. तुम्ही घेतलंत की ती लगाम लावलेली किंमत पुसली जाते आणि पुढच्या जानेवारीत सगळं बाजारभावाने. पानावर दोन आकडे शेजारी असतात, मार्केट व्हॅल्यू आणि असेस्ड व्हॅल्यू, हिशोब पहिल्यावर करा. पुढे किंमत जास्त लावली असं वाटलं तर प्रोटेस्ट करायची मुदत साधारण १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, जे उशिरा असेल ते. आणि घेतल्या घेतल्या होमस्टेडचा अर्ज स्वतः भरा, तो फुकट असतो, यासाठीही पैसे मागणारी पत्रं येतात.

मालक अडचणीत आहे का तेही क्लर्ककडे दिसतं. टेक्सासमध्ये जप्तीचे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात आणि त्याआधी किमान २१ दिवस नोटीस क्लर्ककडे लावावी लागते.

प्रश्न : आमच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे, गवत माजलंय, आगीची भीती वाटते. मालकाशी बोलायचंय पण असेसरच्या साइटवर पार्सल नंबर (प्लॉटचा नंबर), किंमत, टॅक्स सगळं दिसतं, नावच नाही. दुसरं म्हणजे शेजारच्या आजोबांचा टॅक्स आमच्या चौथाई पण नाही, घर सारखंच! काही घोळ आहे का?
एक वाचक, फ्रिमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : घोळ नाही, प्रपोझिशन १३ आहे. १९७८ साली लोकांनी मतदान करून ठरवलं की घराची टॅक्सची किंमत खरेदीच्या किमतीला बांधून टाकायची आणि वर्षाला फार तर २ टक्के वाढवायची, मूळ दर १ टक्का, वर मतदारांनी मंजूर केलेल्या बाँडचे वगैरे थोडे. आजोबा चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतीवर भरतायत आणि तुम्ही परवाच्या. त्यांचं घर विकलं गेलं की पुढचा माणूस तुमच्याइतकाच भरेल. मुलांना दिलं तर पूर्वी बहुतेक वेळा जुनी किंमतच चालायची, पण फेब्रुवारी २०२१ पासून मुलांनी स्वतः त्या घरात राहायला पाहिजे, आणि तरी मर्यादा आहेच.

आता नावाचं. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्या ऑनलाइन मालकाचं नाव दाखवत नाहीत, लोकप्रतिनिधींचे घरचे पत्ते नेटवर टाकू नयेत असा कायदा आहे आणि काउंट्यांनी मग सरसकटच नावं काढून टाकली. पण माहिती गुप्त नाही झाली हं. असेसमेंट रोल पब्लिकच आहे, ओकलंडला तुमच्या काउंटीच्या ऑफिसात काउंटरवर पार्सल नंबर दिलात की नाव मिळतं. नाव मिळालं की क्लर्क-रेकॉर्डरच्या ऑनलाइन इंडेक्सवर ते टाका, तिथे कुठला कागद कधी नोंदवला आणि कोणाकोणात एवढी यादी दिसते, प्रत्यक्ष डीड बघायला किंवा कॉपी घ्यायला ऑफिस गाठावं लागतं किंवा मागवावं लागतं. म्हणजे मजा बघा, नाव माहीत असेल तर कागद घरबसल्या सापडतो आणि पत्ता माहीत असेल तर गाडी काढून ओकलंडला जा.

गवतासाठी मात्र एवढं करायची गरज नाही, शहराच्या कोड एन्फोर्समेंटला, म्हणजे शहराचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या खात्याला, कळवा, मालकाला नोटीस ते पाठवतात.

आणि डीड हातात आलंच तर पहिल्या पानावर डॉक्युमेंटरी ट्रान्सफर टॅक्सचा आकडा बघा. काउंटीचा दर हजार डॉलरला १ डॉलर १० सेंट. १,३२० डॉलर टॅक्स दिसला तर किंमत बारा लाख. ओकलंड, सॅन होजे अशा शहरांचा स्वतःचा वेगळा टॅक्स असतो, तो मिसळू नका.

प्रश्न : घर रीफायनान्स करायला (जुनं कर्ज फेडून नवं घ्यायला) गेलो तर बँक म्हणते तुमच्या घरावर सोलर कंपनीचं काहीतरी फायलिंग आहे. आम्ही तर पॅनल लीजवर घेतलेत, घर गहाण ठेवलं नव्हतं. हे लोक आमच्या नकळत लीन टाकू शकतात का?
एक वाचक, चँडलर, ॲरिझोना

उत्तर : मॅरिकोपा काउंटी रेकॉर्डरच्या साइटवर स्वतःचं नाव टाका, तिथे कागदाची इमेजसुद्धा फुकट बघता येते, या बाबतीत ही काउंटी फार उदार. बहुतेक तुम्हाला यूसीसी फिक्स्चर फायलिंग (घराला जोडलेल्या वस्तूवरच्या हक्काची नोंद) दिसेल. त्याचा अर्थ कंपनी जगाला सांगतेय की छतावरचे पॅनल आमचे आहेत, घराबरोबर विकले असं समजू नका. पॅनलवरचा हक्क तो, घरावरचा नाही, आणि तुम्ही सही केलेल्या करारात याची परवानगी कुठेतरी विसाव्या-बाविसाव्या पानावर असते. पण टायटल सर्चमध्ये तो घराच्या नावाखाली येतो म्हणून बँक अडते. सोलर कंपनीच्या कस्टमर केअरला रीफायनान्ससाठी फायलिंग काढून घ्या म्हणून लेखी कळवा, त्यांच्याकडे याची ठरलेली पद्धत असते, ते मागे घेतात आणि नवीन कर्ज नोंदवलं गेलं की पुन्हा टाकतात. यात दिवस जातात, आणि तोवर तुमचा रेट लॉक (ठरलेला व्याजदर कायम राहायची मुदत) संपायला आलेला असतो, त्यामुळे अर्ज करायच्या आधीच हे उरकायला हवं. असं फायलिंग पाच वर्षांनी आपोआप संपतं, कंपनीने मुदत वाढवली नसेल तर, म्हणून तारीखही बघा.

कागदावर मेकॅनिक्स लीन लिहिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते खरोखर घरावर बसतं, काम केलं आणि पैसे मिळाले नाहीत असा दावा असतो. अशा वेळी वकील.

एकाच नावाचे बरेच जण असतात तेही लक्षात ठेवा. पाटील, जोशी, शाह टाकलंत तर कोणाकोणाची कर्जं आणि कोर्टाचे निकाल तुमच्यासमोर येतील, पार्सल नंबर जुळतोय का ते बघितल्याशिवाय घाबरायचं नाही. याच साइटवर स्वतःच्या नावाचा फुकट अलर्टही लावून ठेवा, तुमच्या नावाने कुठलाही कागद नोंदवला गेला की ईमेल येतो. अलर्टने खोटं डीड थांबत नाही, पण वर्षाने कळण्याऐवजी लगेच कळतं. यासाठी महिन्याला पैसे घेणाऱ्या जाहिराती रेडिओवर चालू असतात, त्यांची काही गरज नाही.

प्रश्न : सिअ‍ॅटलच्या उत्तर भागात चाळीसच्या दशकातलं घर घेतलं. टायटल रिपोर्टला जोडलेला जुना कागद वाचला तर त्यात लिहिलंय की गोऱ्या वंशाशिवाय कोणीही इथे राहू नये, घरनोकर सोडून. आशियाई असं स्पष्ट नाव घेऊन. वाचून फार विचित्र वाटलं. हे आम्हाला लागू आहे का? काढता येतं का?
एक वाचक, वॉशिंग्टन राज्य

उत्तर : लागू नाही, आणि राहायला अजिबात हरकत नाही. अशा अटी १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात निकामी केल्या, म्हणजे कोर्ट त्या अमलात आणू शकत नाही असं ठरलं, आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने भेदभावच बेकायदा झाला. पण नोंदवलेला कागद रेकॉर्डर फाडून टाकत नाही, त्यामुळे अट मेली तरी कागद प्रत्येक विक्रीला सोबत येतो. सिअ‍ॅटल भागात असे कागद हजारोंनी आहेत.

तुमच्यासारख्यांना हे जास्त बोचतं त्याचं कारण आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही आणि म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आणि जो नागरिक होऊ शकत नाही त्याला जमीन घ्यायला बंदी घालणारे कायदे कॅलिफोर्नियात १९१३ पासून आणि वॉशिंग्टनमध्ये १९२१ पासून होते. भारतीयांना नागरिकत्वाचं दार १९४६ मध्ये उघडलं. त्या काळातली काउंटीची दफ्तरं काढून बघितलीत, खास करून कॅलिफोर्नियात, तर पंजाबी शेतकरी कसत असलेली जमीन कागदावर अमेरिकन ओळखीच्या माणसाच्या किंवा इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर दिसते. मला जुने कागद वाचायला आवडतात ते यासाठी, इतिहासाच्या पुस्तकात जे एका ओळीत संपतं ते इथे पार्सल नंबरासकट असतं.

आता उपाय. वॉशिंग्टनमध्ये मालकाला रिस्ट्रिक्टिव्ह कव्हेनंट मॉडिफिकेशन नावाचा कागद नोंदवता येतो, ती अट रद्द समजावी असं सांगणारा, आणि त्याला नोंदणीची फी नाही. किंग काउंटी रेकॉर्डरकडे फॉर्म मिळेल, जुन्या कागदाचा रेकॉर्डिंग नंबर तेवढा लागेल, तो तुमच्या टायटल रिपोर्टमध्ये आहेच. करायलाच पाहिजे असं नाही. काहीजण मुद्दाम ठेवतात, पुढच्याला कळू दे म्हणून. मी तुमच्या जागी असते तर मॉडिफिकेशन नोंदवलं असतं, कारण त्याने जुना कागद नाहीसा होत नाही, फक्त त्याच्यासमोर तुमचं उत्तरही दफ्तरी लागतं.

प्रश्न : सगळं जर ऑनलाइन स्वतः बघता येतं तर टायटल इन्शुरन्सला (मालकीत पुढे खोट निघाली तर भरपाई देणाऱ्या विम्याला) एवढे पैसे कशाला द्यायचे? मी इंजिनियर आहे, सर्च करता येतो मला.
एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : करा सर्च, जरूर करा. (नेपरव्हिल पण दोन काउंट्यांत हं, ड्यूपेजचे कागद व्हीटनला आणि विलचे जोलिएटला.) बँकेची पॉलिसी बँक घ्यायला लावणारच, तुमच्या हातात आहे ती ओनर्स पॉलिसी, आणि ती घ्या असंच मी सांगेन. इंडेक्समध्ये जे आहे तेच तुम्हाला सापडेल. खोटी सही इंडेक्समध्ये दिसत नाही. डीडवर अविवाहित लिहिलं पण बायको होती, ते दिसत नाही. गावाकडचा कोणी वारस वीस वर्षांनी उगवला, ते दिसत नाही. क्लर्कने नाव टाइप करताना एक अक्षर चुकवलं तर कागद असूनही तुमच्यापुरता नाही.

हा धंदा सुरूच अशा एका प्रकरणावरून झाला. पेनसिल्व्हेनियात १८६८ चा वॉटसन विरुद्ध म्युरहेड खटला. कागद तपासणाऱ्याला एक कोर्टाचा निकाल दिसला होता, पण वकिलाने तो बोजा धरायचं कारण नाही असं मत दिलं म्हणून त्याने गिऱ्हाइकाला सांगितला नाही. तो बोजा निघाला, गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि कोर्ट म्हणालं तपासणाऱ्याने नीट विचारूनच केलं होतं, त्याची जबाबदारी नाही. म्हणजे चूक कोणाचीच नाही आणि नुकसान मात्र विकत घेणाऱ्याचं. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७६ मध्ये, फिलाडेल्फियात पहिली टायटल इन्शुरन्स कंपनी निघाली. इथलं सरकार कागद नोंदवतं, तो खरा आहे अशी हमी देत नाही. आपल्याकडे सब-रजिस्ट्रार तरी कुठे देतो!

इंजिनियर आहात तर एक उपयोगी काम करा. टायटल कमिटमेंट, म्हणजे पॉलिसीच्या आधीचा विमा कंपनीचा कागद, आल्यावर त्यातला शेड्यूल बी वाचा, आम्ही कशाकशाची भरपाई देणार नाही याची ती यादी असते, आणि त्यात लिहिलेला प्रत्येक रेकॉर्डिंग नंबर साइटवर उघडून बघा. कोणाच्या ड्राइव्हवेचा हक्क, वीजकंपनीची वाट, सगळं तिथे निघतं. फार कमी लोक हे करतात.

प्रश्न : मुलीसाठी एक स्थळ आलंय, मुलगा शार्लटला असतो, स्वतःचं घर आहे म्हणतात. इथून पुण्यातून खात्री करता येईल का? आणि असं बघणं बरं दिसतं का?
एक वाचक, पुणे

उत्तर : बरं दिसतं का ते तुमचं तुम्ही ठरवा, कायद्याने कोणीही बघू शकतं, कारण विचारत नाहीत आणि नागरिकत्वही लागत नाही. काही काउंट्यांच्या साइट्स अमेरिकेबाहेरून उघडत नाहीत, तसं झालं तर इथल्या कोणा नातेवाइकाला सांगा.

शार्लट म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातली मेकलेनबर्ग काउंटी. तिचा पोलॅरिस नावाचा नकाशा आहे, त्यावर पत्ता टाकला की मालकाचं नाव येतं. पत्ता नसेल तर रजिस्टर ऑफ डीड्सकडे नावाने शोधा, आणि खरी गंमत इथे आहे. इंडेक्स आडनाव आधी घेतो आणि डीडवर जसं लिहिलं तसंच घेतो. आपल्या पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव मधे असतं, कधी गिव्हन नेममध्येच चिकटलेलं, कधी इथे आल्यावर नुसतं आद्याक्षर राहतं. श्रीकांत एका शब्दात, दोन शब्दांत, वैद्यचं स्पेलिंग तीन प्रकारे. म्हणून नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाकून यादी बघा, अख्खं नाव टाकू नका. आणि घेणाऱ्यांची यादी बघा, देणाऱ्यांचीही, म्हणजे मधे विकलंय का ते कळेल.

सापडलं की डीडवर एक्साइज टॅक्सचा आकडा असतो, हजार डॉलरला २ डॉलर. ९०० दिसले तर घर साडेचार लाखाला घेतलं. सोबतच्या डीड ऑफ ट्रस्टवर कर्ज किती काढलं ते आहे, पण आज किती उरलंय ते काउंटीला माहीत नसतं. कर्ज आहे म्हणून नाक मुरडू नका, इथे बहुतेकांना असतं. डीडवर दुसरं नाव कोणाचं आहे का ते मात्र वाचा, भाऊ असेल, मित्र असेल, आणि आधीचं लग्न असेल तर तेही इथे कळतं, कारण अविवाहित की विवाहित हे बऱ्याच डीडवर लिहितात.

सापडलं नाही तर लगेच मुलगा खोटारडा असं ठरवू नका. घर ट्रस्टच्या नावावर असेल. नवं असेल आणि नोंद अजून वर आली नसेल. आणि शार्लटला राहतो म्हणणारे निम्मे लोक काउंटीबाहेर राहतात, युनियन काउंटीत, कॅबॅरसमध्ये, किंवा फोर्ट मिलला, जे मुळात साउथ कॅरोलिनात, यॉर्क काउंटीत येतं. तेव्हा आधी मध्यस्थाला गावाचं नाव नीट विचारा. फोर्ट मिल निघालं तर यॉर्कच्या साइटवर शोधा, आणि भागाकार बदला, तिथे हजाराला ३ डॉलर ७० सेंट लागतात.